चोथ्यात अडकलेला गोडवा

मी ढवळणी बोलतेय. डाव नव्हे, उलथनं नव्हे, आणि वल्हं तर मुळीच नव्हे. तरी पहिल्यांदा येणारा पाहुणा मला भिंतीवर टांगलेली पाहतो आणि हटकून विचारतो, "होडी कुठे बांधलीय?" माणसाएवढी उंच आहे मी, पण पाणी कापणं हे माझं काम नाही. घाटा ढवळणं हे माझं काम. मोड आणून वाळवलेलं धान्य भरडतात, गरम पाण्यात कालवतात, त्याचा घाटा होतो, आणि त्या घाट्यातून निघालेल्या गोड पाण्याची पुढे बिअर होते. माझ्या पात्याला भोकं आहेत, त्यातून तो घाटा सरकत जातो आणि जाता जाता माझ्या कानात सगळं सांगून जातो.

तर ऐका. बव्हेरियातल्या डोंगरउतारावर बिर्कनझांट नावाचं गाव होतं. गावात एक घर होतं. घरात क्रेसेन्त्स नावाची सासू होती, अफ्रा नावाची सून होती, दोघींच्या मधोमध कोर्बिनियान नावाचा मुलगा होता, आणि धुण्याच्या खोलीत खिळ्याला मी होते. शेजारी किलियान राहायचा, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एवढीच माणसं ध्यानात ठेवा.

माझा जन्म नासपतीच्या लाकडाचा. घराच्या उन्हाकडच्या भिंतीला ते झाड चिकटून वाढलं होतं. एका हिवाळ्यात थंडीनं त्याचं खोड उभं फुटलं. क्रेसेन्त्सचा नवरा अलोइस म्हणाला, "फळं खूप खाल्ली, आता लाकूड तरी वाया जायला नको." शेगडीपाशी बसून त्यानं मला तासलं. क्रेसेन्त्स तेव्हा नवी नवरी. तिनं मला जवसाचं तेल चोळलं, जसं पोराला न्हाऊ घालण्याआधी चोळतात तसं. त्या तेलाचा वास अजून माझ्या दांड्यात आहे.

आमच्या गावात ज्याची त्याची बिअर ज्याच्या त्याच्या घरी. धुण्याच्या खोलीत कपडे उकळायचा तांब्याचा हंडा असतो, तोच घासूनपुसून बिअरला घ्यायचा. त्याच्याजवळ लाकडाची मोठी कुंडी, तिच्या तळाशी चाळणी, चाळणीखाली तोटी. कुंडीत घाटा मुरवायचा, तोटीतून गोड पाणी काढायचं, हंड्यात हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, मग तळघरात यीस्टच्या स्वाधीन करायचं. पुढची बैठकीची खोली गावकऱ्यांना उघडी. बिअर तयार झाली की दारावर देवदाराची हिरवी डहाळी बांधायची. डहाळी दिसली की माणसं आपोआप आत येतात, बोलावणं लागत नाही.

अलोइस फक्त जवाची बिअर करायचा. धान्य भरडायला त्यानं दोन लोखंडी रुळांची हातचक्की आणली होती. दोन रुळांमध्ये किती फट ठेवायची, त्यासाठी बाजूला एक स्क्रू होता. अलोइसनं तो पुढे-मागे करून, जवाचा दाणा नेमका फुटेल पण साल फाटणार नाही, अशी फट बसवली आणि स्क्रूवर लाल लाख ओतून शिक्का मारला. "याला जो हात लावील," तो म्हणाला, "तो माझा नाही." पुढे अलोइस गेला. लाख राहिली. देवघरातल्या दिव्याला जसं कुणी फुंकर मारत नाही, तसा त्या लाखेला कुणी हात लावत नसे. धूळ पुसायची ती सुद्धा फडक्याच्या टोकानं.

मग दिवस पालटले. तरण्या पोरांना गढूळ, फेसाळ, गव्हाची बिअर हवीशी झाली. कोर्बिनियान म्हणाला, "आपणही गव्हाचीच करू." अर्धा गहू, अर्धे जव, अशी गोणी लावली आणि चक्की फिरवली.

तिथून आमच्या घराला साडेसाती लागली.

बिअर व्हायची, नाही असं नाही. पण पातळ. पेला तोंडाला लावला की जीभ वाट बघत राहायची. रंग गव्हाचा, वास गव्हाचा, आणि चव पावसात भिजलेल्या गव्हाची. मी तर घाट्यात उभी असायचे. मला समजत होतं की धान्य खूप घातलंय आणि पाण्यात गोडवा थोडाच उतरलाय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं उलटं झालं होतं. आडात भरपूर होतं, पोहऱ्यातच येत नव्हतं.

कोर्बिनियानला वाटलं, धान्यच कमी पडतंय. त्यानं गहू वाढवला. बिअर तशीच राहिली. आणखी वाढवला. कुंडी काठोकाठ भरली, माझा दांडा फिरवता फिरवता त्याचे खांदे भरून आले, आणि बिअर पुन्हा तशीच. गहू कुठे जात होता ते कुणालाच कळेना.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शरद ऋतूत आमच्या देवळाचा वार्षिक सण असतो. भाजलेलं बदक, तुपात तळलेल्या, पुरीसारख्या फुगणाऱ्या नुडलन, मुळ्याच्या मीठ लावलेल्या चकत्या, आणि दिवसभर बिअर. त्या दिवशी सगळ्या गावाला बिअर पाजायचा मान एकाच घराला मिळतो. कोणत्या घराला, ते बाक ठरवतं. सणाच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घर आपली बिअर आणि आपली ढवळणी घेऊन चौकात जातं. ओकच्या बाकावर बिअर ओततात, आणि गावातला वडीलधारा माणूस चामडी चड्डी घालून त्या ओल्या बाकावर बसतो. देवळातली प्रार्थना संपून घंटा वाजेपर्यंत बसून राहतो. घंटा वाजली की उठतो. बिअरमध्ये दम असेल, म्हणजे धान्याचा गोडवा पुरता उतरला असेल, तर चड्डी बाकाला चिकटते आणि बाक त्याच्याबरोबर उचललं जातं. दम नसेल तर माणूस एकटाच उठतो. ज्याचं बाक सगळ्यांत घट्ट चिकटतं, मान त्या घराला.

तो वडीलधारा माणूस म्हणजे शेजारचा किलियान.

आमच्या बाकावरून तो दरवर्षी असा उठायचा, जणू वाळल्या गवतावर बसला होता. वर पाठीमागे हात फिरवून म्हणायचा, "वहिनी, आभार मानतो. माझी चड्डी धुऊन निघाली."

"पुढच्या वर्षी मोजेही आण," क्रेसेन्त्स म्हणायची. हसून म्हणायची, पण घरी येताना माझ्या दांड्यावर तिची पकड घट्ट झालेली असायची.

हळूहळू आमच्या दारावरची डहाळी दिसूनही माणसं पुढे जायला लागली. बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या टेबलावर उलट्या पडून राहू लागल्या. मग एके दिवशी जेवताना कोर्बिनियान म्हणाला, "शहरात मोटारींचा कारखाना आहे, तिथं माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. सणापर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

अफ्रा त्याच वसंतात लग्न होऊन आलेली. वरच्या डोंगरावरच्या गुराढोरांच्या घरातली मुलगी. तिनं चमचा खाली ठेवला.

"आणि घर?" तिनं विचारलं.

"कुलूप. कुंडी, चक्की, गाय, सगळं विकू."

"आणि आई?"

"आई आपल्याबरोबर."

क्रेसेन्त्स सूप पीत राहिली. वाडगा रिकामा झाल्यावर म्हणाली, "मी कुठे जात नाही. तुम्ही जा. मी इथं भिंतींशी बोलेन, भिंती निदान मध्ये बोलत नाहीत."

"आई, हे काय बोलणं?"

"तू कारखान्याचं बोललास, मी भिंतींचं बोलले. झालं बरोबर."

शेवटी असं ठरलं की सणापर्यंत थांबायचं. या वर्षी बाक चिकटलं तर राहायचं. नाही चिकटलं तर पोरगा-सून शहरात, आणि म्हातारी एकटी. घर फुटायचं की टिकायचं, ते आता किलियानच्या चामडी चड्डीवर येऊन ठेपलं होतं. हसू नका. माणसांची मोठमोठी दुःखं अशाच हास्यास्पद खुंटीला टांगलेली असतात, हे मी खिळ्यावरून पुष्कळ पाहिलंय.

पहिली खूण कोंबड्यांनी दिली.

गोड पाणी काढून घेतलं की कुंडीत चोथा उरतो. तो अंगणात टाकतात, गुरं-कोंबड्या खातात. त्या दिवशी आमच्या चोथ्यावर आमच्या कोंबड्या होत्याच, पण किलियानच्या कोंबड्याही कुंपणाखालून घुसून आल्या होत्या. किलियान कुंपणावर कोपर टेकून बघत होता.

"अफ्रा," तो म्हणाला, "तुमच्याकडे पाहुणे बारीक आणि कोंबड्या जाड. उलटं करून बघा की एकदा. बिअर कोंबड्यांना पाजा आणि चोथा आम्हाला वाढा."

"काका, तुमच्या कोंबड्यांना घरी खायला मिळत नाही का?"

"मिळतं की. माझा चोथा त्यांच्यापुढे आहे, पण ढुंकून बघत नाहीत. तुमच्याकडेच पळतात, लग्नाचं जेवण असल्यासारख्या."

तो हसत गेला. अफ्रा मात्र तिथंच उभी राहिली. गुराढोरांतली पोर ती. जनावर काय खातं आणि काय सोडतं, यावरून दाणा ओळखायची तिला सवय होती. तिनं आमच्या चोथ्याची मूठ उचलली, कुंपणावरून वाकून किलियानच्या चोथ्याची उचलली, आणि धुण्याच्या खोलीत येऊन माझ्या शेजारी बसली. आधी किलियानचा चोथा चावला. नुसती सालं. मग आमचा चावला, आणि तिचे दात थांबले. तिनं तोंडातला दाणा तळहातावर काढून नखानं फोडला. अख्खा गहू होता. आतून पांढरा, पिठूळ, गच्च.

"आई," तिनं हाक मारली, "इकडे या. हा गहू नुसता अंघोळ करून बाहेर आलाय. पाण्याला त्यानं काही दिलंच नाही."

क्रेसेन्त्सनं दाणा जिभेवर ठेवला. किती तरी वेळ चघळला. मग दोघींनी एकदमच चक्कीकडे पाहिलं.

गोष्ट साधी होती. गव्हाचा दाणा जवापेक्षा लहान आणि टणक. जवासाठी ठेवलेल्या फटीतून गहू सबंध निसटत होता. जव फुटायचे, गव्हाला ओरखडाही नाही. कोर्बिनियान गोणीमागून गोणी गहू ओतत होता, आणि तो तसाच्या तसा कोंबड्यांच्या पोटात जात होता.

"फट कमी करायला हवी," अफ्रा म्हणाली.

कोर्बिनियान दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "त्या लाखेला हात लावायचा नाही."

"मग गव्हाला समजावून सांग, जरा फुगून ये म्हणून."

"अफ्रा, बाबांचा शिक्का आहे तो."

"बाबांनी जवासाठी मारला. गव्हाची बिअर तू करतोस."

"तुला नाही कळायचं. तू बाहेरून आलीस."

क्रेसेन्त्स उठली. कोपऱ्यातून खिळे उपटायची पक्कड घेतली आणि चक्कीपाशी गेली. लाखेवर तिनं आधी अंगठा ठेवला, शिक्क्यातली अलोइसची अक्षरं चाचपली.

"अरे, बाहेरून तर मीही आले होते," ती म्हणाली. "तुझ्या बापानं ही फट एका दिवसात नाही बसवली. रोज मूठभर जव भरडायचा, रोज चावून बघायचा, रोज स्क्रू फिरवायचा. शिक्का त्यानं शेवटी मारला. तुम्ही शिक्काच तेवढा पुजलात. चावून बघायचं कुणी केलंच नाही."

आणि तिनं लाख फोडली. तुकडे खाली पडले. कोर्बिनियाननं ते वाकून गोळा केले आणि खिशात ठेवले.

आता सगळं सुरळीत झालं, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं.

कोर्बिनियाननं फट आवळली आणि गहू-जव एकत्रच बारीक भरडले. चांगले पिठासारखे. दुसऱ्या दिवशी घाटा कालवला, मी आत उतरले, आणि मला आनंदानं घाम फुटला. किती गोड! इतक्या वर्षांत एवढा गोडवा माझ्या भोकांतून वाहिला नव्हता. कोर्बिनियाननं माझं पातं चाटून पाहिलं आणि बायकोकडे बघून हसला. लग्नानंतर असा हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग त्यानं तोटी उघडली. घाईचा माणूस, पूर्ण उघडली. गोड पाण्याची एक धार आली, ती बारीक झाली, ठिबकली, आणि बंद पडली.

जवाला साल असते. ती सालं चाळणीवर एकमेकांवर पडतात, मध्ये वाटा राहतात, त्या वाटांनी पाणी उतरतं. गव्हाची साल तर मळणीतच सुटून जाते. त्यात जवाची सालंही आम्ही पिठाबरोबर भुगा करून टाकली होती. वर तोटी सताड उघडून सगळा घाटा खाली ओढून घेतला होता. तळाशी खळीसारखा गच्च थर बसला. कोर्बिनियाननं मला खुपसून तो फोडला. थोडं पाणी आलं, पुन्हा बसला. पुन्हा फोडला. चिडून त्यानं मला अशी जोरात रेटली की माझ्या पात्याची एक कड तडकली. संध्याकाळ होईतो घाटा आंबूस झाला. शेवटी टोपल्यांनी उपसून सगळा डुकरांना घातला.

कुंपणापलीकडून किलियान म्हणाला, "तुमच्या डुकरांचा सण आजच का?"

कोर्बिनियाननं माळ्यावरची बॅग खाली काढली आणि तिच्या गंजलेल्या कड्यांना तेल घालत बसला. अफ्रा बघत होती. क्रेसेन्त्स बघत होती. सणाआधी आता एकच घाणा काढता येणार होता, कारण त्यानंतरची बिअर सणापर्यंत पिकली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी अंगणात बसल्या होत्या. क्रेसेन्त्स उशा शिवत होती. आमच्याकडे एक जुना, खपलीसारखा जाड टरफलाचा गहू पिकतो. त्याची टरफलं पाखडून उशीत भरतात. डोक्याला हलकी, मानेला बरी. हिवाळ्याआधी क्रेसेन्त्स नव्या उशा शिवून ठेवायची. ताज्या टरफलांचं पोतं तिच्या पायाशी उघडं होतं.

"तुमच्याकडे चीज गाळताना अडत नाही का गं?" तिनं सुनेला विचारलं.

"अडतं की. म्हणून खाली गवताची चटई घालतात. चीज तिच्यावर बसतं आणि पाणी काड्यांमधून निघून जातं. नुसत्या फळीवर ठेवलं तर..." बोलता बोलता अफ्रानं पोत्यात हात घातला होता. मुठीत टरफलं घेऊन तिनं दाबली. हात उघडला. टरफलं पुन्हा फुलून आली.

"आई, तुमची मान दुखते का?"

"का?"

"यंदा उशीशिवाय झोपाल का?"

क्रेसेन्त्सनं तिच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि सुई कापडात खोचून उठली. "चल. आधी धुऊन घेऊ. कोर्बिनियानला घरात धूळ चालत नाही, त्याच्या बिअरमध्ये कुठून चालेल?"

दोघी टरफलांवर उकळतं पाणी ओतत होत्या, तेवढ्यात कोर्बिनियान आला.

"हे काय?"

"उशी," आई म्हणाली.

"बिअरमध्ये उशी?"

"बिअरमध्ये नाही. घाट्यात."

"आई, पाणी, मोडाचं धान्य, हॉप्स, यीस्ट. बस्स. बाकी काही घालायचं नाही, हा बव्हेरियाचा कायदा आहे. शेंबड्या पोरालाही पाठ आहे."

"चाळणी आहे का रे तुझ्या कायद्यात?"

"चाळणी कशी असेल? ती बिअरमध्ये थोडीच राहते?"

"मग ही राहते? चोथ्याबरोबर आत जाईल, चोथ्याबरोबर बाहेर येईल. गोड नाही, आंबट नाही, कडू नाही. नुसती वाट धरून उभी राहील."

"गाव काय म्हणेल?"

"गाव आत्ता काय म्हणतंय ते तू ऐकतोसच," अफ्रा म्हणाली.

मग त्यानं हातातली तेलाची बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "किती घालायची?"

त्या दिवशी जसं काम झालं, तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गहू वेगळा भरडला, आवळलेल्या फटीतून, आणि एका घासात नाही, पुन्हा एकदा घालून. प्रत्येक वेळी मूठभर दाणे फडक्यावर पसरून बघितले, अख्खा एकही नको. मग फट सैल केली आणि जव वेगळे भरडले. त्याआधी जवावर पाण्याचा हात मारला होता, नुसता शिडकावा. त्यानं साल चामड्यासारखी मऊ होते, दाणा फुटतो पण साल सबंध राहते. ही युक्ती क्रेसेन्त्सला आठवली. अलोइस करायचा म्हणाली.

आधी हाताला सोसवेल एवढ्याच कोमट पाण्यात घाटा कालवला आणि झाकून ठेवला. गव्हाचा चिकटपणा तिथंच जरा सैल पडतो. मग थोडा घाटा हंड्यात उकळून परत ओतला, सगळं गरम झालं, पुन्हा झाकलं. टरफलं मिसळायला मला हाती घेतलं ते अफ्रानं. हळू, तळापासून वर, पोळ्यांच्या कणकेत मोहन घालावं तसं. माझ्या तडकलेल्या कडेला ती सांभाळून घेत होती. कोर्बिनियाननं येरझाऱ्या घातल्या, खिडकी उघडली, खिडकी लावली.

"उघडू तोटी?"

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

अखेर वेळ झाली. कोर्बिनियानचा हात तोटीवर गेला तसा अफ्रानं वर आपला हात ठेवला.

"तू कधी गाय पिळलीस?"

"पिळली की, लहानपणी."

"मग तुला लाथ बसली असेल. आमच्या घरी म्हणतात, जो ओढतो त्याला लाथ मिळते आणि जो थांबतो त्याला दूध. जरा म्हणजे जराच उघड."

दोऱ्याएवढी धार सुरू झाली. पहिलं पाणी गढूळ होतं, ते भांड्यानं परत वर ओतलं. पुन्हा गढूळ, पुन्हा वर. मग पाणी निवळलं, मधासारखं. धार तुटली नाही. घाट्याचा वरचा थर उघडा पडायच्या आत अफ्रानं मला आडवी धरली आणि कोर्बिनियाननं माझ्या पात्यावरून गरम पाणी ओतलं, म्हणजे ते खाली खड्डा न पाडता पाझरेल. पात्यावरून पाणी, भोकांतून पाणी, पावसाच्या भुरभुरीसारखं. ढवळायला जन्मले मी, आणि त्या दिवशी नुसती आडवी निजून राहिले. तेच माझं सगळ्यांत मोठं काम ठरलं.

धार शेवटपर्यंत चालू राहिली. क्रेसेन्त्स मधून मधून बोट बुडवून चाटत होती. गोड, गोड, कमी गोड, आणि मग तिनं मान हलवली. "संपलं." चोथ्याची मूठ तिघांनी चावली. फिका. नुसता भुसा. तो फिकेपणा त्या तिघांना साखरेसारखा लागला. अंगणात टाकला तर कोंबड्यांनी दोन चोची मारल्या आणि रागावून बाजूला झाल्या.

मग यीस्ट, मग तळघर, मग वाट बघणं. त्या दिवसांत घरात कुणी कारखान्याचं नाव काढलं नाही.

बाकाच्या रविवारी मला खांद्यावर टाकून कोर्बिनियान चौकात गेला. बिअर ओतली. फेस बाकाच्या फटींत शिरला. किलियाननं चामडी चड्डी झटकली, मिशीवर हात फिरवला.

"बसू का वहिनी? की आधी साबण घेऊ?"

"बस रे, बस. बोलू नकोस, वारा आत जातो."

तो बसला. देवळातून गाण्याचे सूर येत होते. अफ्रा माझ्या दांड्याला धरून उभी होती. किलियान शेजारच्यांशी मुळ्याच्या पिकाबद्दल बोलत होता, कुणाच्या तरी जावयाबद्दल बोलत होता. कोर्बिनियानची नजर बाकावरून हलत नव्हती.

घंटा वाजली.

किलियान उठायला लागला. अर्धा उठला आणि थांबला. पुन्हा जोर केला. ओकचं जड बाक त्याच्या बुडाशी उचललं गेलं, आणि तो तसाच, गोगलगायीसारखा, पाठीवर बाक घेऊन चौकात उभा राहिला. चौक हसून लोटपोट झाला. त्यानं कसंबसं मागे वळून पाहिलं.

"सोडवा मला कुणी तरी," तो म्हणाला, "का आता बाकासकट घरी जाऊ? बायको म्हणेल, चला, एक सामान तरी आणलंत."

दोघांनी धरून बाक ओढलं तेव्हा चिकटपट्टी निघावी तसा आवाज झाला. किलियान सरळ कोर्बिनियानपाशी आला. आता तो हसत नव्हता.

"काय घातलंस?"

कोर्बिनियानचे कान लाल झाले. अफ्रानं तोंड उघडलं, पण त्यानं तिला हातानं थांबवलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "उशी. माझ्या आईची उशी. टरफलं घाट्यात घातली, पाण्याला वाट राहावी म्हणून. आणि बाबांचा शिक्का फोडला. युक्ती या दोघींची. मी नुसती तोटी धरली, तीही यांनी धरू दिली तेवढीच."

किलियाननं पेला उचलला, उजेडात धरला, मोठा घोट घेतला. मिशीवरचा फेस पुसला नाही.

"टरफलं पेल्यात आली का?"

"नाही. चोथ्याबरोबर गेली."

"मग ज्याला कायदा प्यायचाय त्यानं कायदा प्यावा. मी हे पितो." आणि त्यानं पेला पुढे केला. "वहिनी, अजून आहे ना?"

मी आता म्हातारी झालेय. माझ्या तडकलेल्या कडेला तांब्याची पट्टी ठोकलीय, पातं झिजून बोटभर आखूड झालंय. तरी मला कुणी शोभेला लावलेलं नाही, याचं समाधान आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर काम झाल्यावर धुवा, वाळवा, वर्षातून एकदा तेल चोळा. आणि एक सांगणं. चोथा टाकण्याआधी मूठभर चावून बघा. आपण किती घातलं यावर जाऊ नका, किती मागे राहिलं ते बघा.

तर त्या वर्षीचा मान आमच्या घराला मिळाला, आणि सणाला डहाळी आमच्या दारावर लागली. टेबलावर उलट्या पडलेल्या खुर्च्या सरळ झाल्या, त्या पुरेनात म्हणून शेजारून आणल्या, त्याही पुरेनात म्हणून माणसं जिन्यावर बसली. सोमवारी कोर्बिनियाननं कारखान्यात जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं आणि आपली जागा दुसऱ्या कुणाला द्यावी, असा निरोप धाडला. पुढच्या आठवड्यात शेजारपाजारच्या बायका आपापल्या चक्क्यांमधले दाणे रुमालात बांधून अफ्राकडे दाखवायला आल्या. तिला आता कुणी बाहेरची म्हणत नाही. संध्याकाळी दार उघडं असतं, सासू नुडलन तळते, सून पेले भरते, आणि मुलगा घरीच असतो.